पारदर्शक साच्यांनी दात सरळ करताना

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेनिमित्त दंतविभागातील दंतव्यंगोपचार तज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आपल्या रुग्णालयाच्या एका हितचिंतकांनी दंतविभागासाठी तोंडाच्या आत फिरवून दातांची त्रिमितीय प्रतिमा घेणारा स्कॅनर देण्याची तयारी दर्शविली आहे. या यंत्राच्या साहाय्याने वेडेवाकडे दात तारेविना, पारदर्शक साच्यांनी सरळ करण्याचा उपचार येथे सुरू करता येईल, अशी त्यांची कल्पना आहे. हा विषय विश्वस्त मंडळापुढे आला तेव्हा एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, ‘ज्या दवाखान्यात माणसे डायलिसिसला आणि बाळंतपणाला येतात, तेथे हसू सुंदर करण्याचे काम आपण का करावे?’ प्रश्न अत्यंत रास्त आहे. त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देणे मला शक्य झाले नाही, म्हणून आजच्या सभेत सविस्तर बोलण्याची अनुमती मी मागितली. ती दिल्याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे.

प्रथम हे साचे म्हणजे काय ते पाहू. इंग्रजीत त्यांना अलाइनर म्हणतात आणि आता मराठीतही तोच शब्द रूढ झाला आहे. उष्णतेने मऊ होणाऱ्या पातळ पारदर्शक प्लॅस्टिकचे, दातांवर घट्ट बसणारे हे आवरण असते. रुग्णाच्या दातांची प्रतिमा संगणकात घेतली जाते. आजची स्थिती आणि अपेक्षित स्थिती यांमधील अंतर अनेक लहान टप्प्यांत विभागले जाते आणि प्रत्येक टप्प्यासाठी स्वतंत्र साचा तयार केला जातो. प्रत्येक साचा दाताला साधारणपणे पाव मिलिमीटर सरकवतो. एक किंवा दोन आठवड्यांनी पुढचा साचा घालायचा. दिवसाच्या चोवीस तासांपैकी वीस ते बावीस तास तो तोंडात असला पाहिजे. काढायचा तो केवळ जेवताना आणि दात घासताना.

प्लॅस्टिक दात कसा हलवते, याचे कुतूहल अनेकांना वाटते. वस्तुतः प्लॅस्टिक किंवा तार दात हलवीत नाही. शरीरच तो हलवते. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो. त्याची जाडी सुमारे ०.२ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या दोनतीन पानांएवढी. दातावर मंद आणि सातत्यपूर्ण दाब आला की ज्या बाजूला हा पडदा दबतो तेथील हाड विरघळू लागते आणि ज्या बाजूला तो ताणला जातो तेथे नवे हाड तयार होते. दाब फार झाला तर पडद्यातील रक्तपुरवठा थांबतो, दात हलण्याऐवजी अडून बसतो आणि क्वचित मुळाचे टोक झिजते. म्हणून या शास्त्रात घाईला स्थान नाही. ‘लग्न दोन महिन्यांवर आले आहे, तेवढ्यात पुढचे दात आत घ्या’ अशी विनंती घेऊन येणाऱ्या पालकांना मी हेच सांगतो आणि बहुधा ते नाराज होऊन जातात.

ही कल्पना आजची नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने, दुधाचा दात न पडता नवा दात उगवला तर जुना काढून नवा रोज बोटाने दाबावा, असा सल्ला लिहून ठेवला आहे. फ्रान्समधील पिएर फोशार याने १७२८ साली धातूची पट्टी दातांना बांधून ते रुंद कमानीत आणण्याची पद्धत वर्णिली. अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये चाव्याच्या दोषांचे जे वर्गीकरण केले ते आम्ही आजही वापरतो. तारेची सारी उपचारपद्धती या परंपरेतून वाढली. साच्यांचा वंश मात्र निराळा. १९४५ मध्ये केसलिंग या अमेरिकन दंतवैद्याने, तारेचे उपचार संपत आल्यावर उरलेले किरकोळ दोष दूर करण्यासाठी रबराचा एक अखंड साचा तयार केला आणि अशा साच्यांची मालिका केली तर मोठे बदलही साधता येतील असे तेव्हाच लिहिले. पण प्रत्येक टप्प्यासाठी प्लॅस्टरचे दात हाताने कापून, मेणात बसवून नवा साचा घडविणे इतके कष्टाचे होते की ती कल्पना पन्नास वर्षे तशीच राहिली.

ती कल्पना व्यवहारात उतरवली ती दंतवैद्य नसलेल्या दोघांनी. झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ हे स्टॅनफर्ड विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्र शिकत होते. चिश्ती यांनी प्रौढ वयात तारेचे उपचार घेतले होते. नंतर दात स्थिर ठेवण्यासाठी दिलेली पट्टी काही दिवस न घातल्याने दात किंचित सरकले आणि पट्टी पुन्हा घालताच ते जागेवर आले, हे त्यांच्या लक्षात आले. पट्टी जर दात परत आणू शकते, तर नव्या जागीही नेऊ शकेल, असा त्यांचा विचार. १९९७ मध्ये त्यांनी अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली आणि १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांच्या इनव्हिजलाइन या साच्यांना मान्यता दिली. केसलिंग यांच्या हातात नव्हते ते संगणकीय चित्र आणि त्रिमितीय छपाई ही दोन साधने त्यांना मिळाली होती. २०१७ पासून त्यांची मूळ पेटंटे संपू लागली आणि जगभर, आपल्या देशातही, साचे बनविणारे अनेक उद्योग उभे राहिले. आज वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवर ज्या जाहिराती आपण पाहता त्यांचे मूळ येथे आहे.

जाहिरातीत जे सांगितले जात नाही ते सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. संगणकाच्या पडद्यावर दात जसे सरकताना दिसतात तसे ते तोंडात सरकतातच असे नाही. २००९ मध्ये अमेरिकेत क्रॅविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्या दातांची पडद्यावरील अपेक्षित हालचाल आणि प्रत्यक्षातील हालचाल यांची तुलना केली, तेव्हा सरासरी अचूकता ४१ टक्के आढळली. २०२० मध्ये याच प्रकारे पुन्हा तपासणी झाली. दरम्यान प्लॅस्टिक आणि संगणकप्रणाली पुष्कळ सुधारल्या होत्या, तरी आकडा ५० टक्क्यांपर्यंतच आला. याचा अर्थ उपचार निरुपयोगी आहे असा नाही. मधल्या टप्प्यावर नवी प्रतिमा घेऊन नवे साचे करावे लागतात आणि तशी तरतूद धरूनच चालावे लागते. दातांमधील लहान फटी मिटविणे, सौम्य दाटी मोकळी करणे, पुढचे दात थोडे आत वळविणे ही कामे साचे चांगली करतात. गोल मुळाचा सुळा किंवा उपदाढ स्वतःभोवती फिरविणे, दात खाली ओढून आणणे, उपदाढ काढून त्या जागेत मुळासकट दात सरळ सरकविणे ही कामे त्यांना जड जातात. त्यासाठी दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवावे लागतात, कधी दोन दातांमधील इनॅमल अल्प प्रमाणात घासावे लागते, आणि एवढे करूनही काही रुग्णांत शेवटी तारच लावावी लागते. जबडाच पुढे किंवा मागे वाढलेला असेल तर केवळ साच्यांनी तो दोष जात नाही.

याहून गंभीर बाब देखरेखीची आहे. दंतवैद्याची प्रत्यक्ष भेट न घेता, घरी बसून ठसे घ्यावेत आणि साचे टपालाने मागवावेत, असा व्यवसाय अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब या कंपनीने २०१४ पासून मोठ्या प्रमाणावर उभारला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि डिसेंबरमध्ये ती अकस्मात बंद झाली. उपचार अर्ध्यावर असलेल्या ग्राहकांना आपल्या दातांचे पुढे काय, हे विचारायलाही कोणी उरले नाही. हिरड्यांचा आजार असलेल्या माणसाने क्ष-किरण तपासणीविना दातांवर दाब आणला तर हाडाचा उरलासुरला आधारही जाऊ शकतो. आपल्या भागात ही भीती अधिक आहे, कारण मशेरी. तंबाखू भाजून केलेली ही पूड दातांना लावण्याची सवय आपल्या खेड्यांतील कितीतरी स्त्रियांना अनेक वर्षांपासून आहे. त्यांच्या हिरड्या दातांपासून सुटलेल्या असतात, पुढचे दात पंख्यासारखे पसरतात आणि मग त्या ‘फट पडली, बुजवून द्या’ म्हणून येतात. अशा रुग्णाला साचा देण्यापूर्वी मशेरी सोडविणे आणि हिरड्यांचे उपचार पूर्ण करणे अपरिहार्य आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला, २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव धारण केलेला हा जिल्हा साखरेचा आहे. विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला, त्याला सात दशके उलटली. ऊस येथे पीक आहे, रोजगार आहे आणि खाऊही आहे. तार लावलेल्या मुलाला मी पहिली सूचना देतो ती ऊस दाताने सोलून न खाण्याची. दुसऱ्याच आठवड्यात दातावरचा कंस हातात घेऊन तो परत येतो. साचा काढून ठेवता येत असल्याने ही अडचण राहत नाही. पण साच्याला दुसरी अडचण आहे, ती चहाची. आपल्याकडे ज्या घरी जावे तेथे चहा होतो आणि तो गोड असतो. साचा घालून गरम चहा घेतला तर प्लॅस्टिकचा आकार बिघडतो. शिवाय साखर साच्याच्या आत दाताला चिकटून राहते आणि लाळ तेथे पोहोचत नसल्याने कीड वेगाने वाढते. प्रत्येक चहासाठी साचा काढायचा, चूळ भरायची आणि पुन्हा घालायचा, तर दिवसातून सहा वेळा चहा घेणाऱ्याचे वीस तास कसे भरणार? साचा कागदी रुमालात गुंडाळून ठेवला जातो आणि उष्ट्या पेल्यांबरोबर कचऱ्यात जातो, हेही नित्याचेच.

एक विचार मला काही दिवस मोहवीत होता, तो आपल्यापुढे मांडतो. तारेच्या उपचारात रुग्णाला दरमहा यावे लागते. अकोले, जामखेड किंवा पाथर्डीहून मुलाला घेऊन एसटीने येणे म्हणजे पालकाची एक दिवसाची मजुरी आणि दोघांचे भाडे, असा खर्च दीड-दोन वर्षे चालतो. साच्यांच्या उपचारात भेटी कमी लागतात. चारपाच साचे एकदम हाती देता येतात. म्हणजे श्रीमंतांचा समजला जाणारा हा उपचार दूरच्या गरिबालाच अधिक सोयीचा नाही का? पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे गळीत हंगामात कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि पाचसहा महिने परतत नाहीत. त्यांच्या मुलाच्या तोंडात तार ठेवून त्याला हंगामभर नजरेआड करणे धोक्याचे, हे तर स्पष्टच आहे.

परंतु पूर्ण विचाराअंती मी या मतावर आलो की, त्या मुलाच्या हाती साचेही देऊ नयेत. पाचटाच्या कोपीत, पाण्याची सोय नसलेल्या फडाजवळ, दिवसातून चार वेळा साचा धुऊन घालणे त्याला जमणार नाही. आणि जमले नाही तर तो दोष त्याचा नव्हे. एक साचा हरवला की पुढचे बसत नाहीत आणि त्याला पाहणारे तेथे कोणी नसते. अशा मुलासाठी योग्य उपाय म्हणजे तो गावी असतानाच्या महिन्यांत किडलेले दात भरणे, जागा राखणे आणि मुख्य उपचार तो वसतिगृहात किंवा आजीजवळ स्थिर होईपर्यंत पुढे ढकलणे.

जागा राखणे म्हणजे काय ते थोडे उलगडून सांगतो, कारण येथे उपस्थित आईवडिलांना माझ्या भाषणातील इतर काही लक्षात राहिले नाही तरी एवढे राहावे. दुधाचे दात पडणारच, मग कीड लागली तर काय बिघडले, हा समज सुशिक्षित घरांतही आहे. दुधाच्या दाढा सुमारे दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. त्या खाली येणाऱ्या उपदाढांसाठी जागा धरून ठेवतात. सातव्या-आठव्या वर्षीच त्या किडून काढाव्या लागल्या की मागची कायमची दाढ पुढे सरकते, उपदाढेची जागा बंद होते आणि सुळा ओठाच्या बाजूला उंचावर बाहेर येतो. मग तेराव्या वर्षी आपण म्हणता, मुलाचे दात वाकडे आले. वास्तविक काही मुलांच्या बाबतीत ते आपण वाकडे आणविले. आणखी एक गोष्ट. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दात न पडता, सर्व दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. काही पडले नाही म्हणून ती दुधाचीच समजली जाते आणि किडू दिली जाते. ती आयुष्यभराची दाढ असते. दुधाची दाढ अकाली गेलीच तर तिच्या जागी तारेचा एक लहानसा वेढा बसवून ठेवता येतो. त्याला स्पेस मेंटेनर म्हणतात; साच्यांच्या तुलनेत त्याचा खर्च नगण्य आहे.

तेव्हा विश्वस्त महोदयांच्या प्रश्नाकडे येतो. दात सरळ करणे हा केवळ सौंदर्याचा विषय नाही. वरचे पटाशीचे दात फार पुढे असलेल्या मुलांत ते पडून तुटण्याचा धोका इतर मुलांच्या दुपटीच्या आसपास असतो. सायकलवरून पडलेली अशी मुले आपल्या अपघात विभागातही येतात. दाटीवाटीच्या दातांची स्वच्छता नीट होत नाही. दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊन जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत तर आमचे शास्त्र शस्त्रक्रियेच्या बरोबरीने लागते. शस्त्रक्रियेपूर्वी पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या टाळूला ॲक्रिलिकची एक काढघाल करता येणारी पट्टी बसवून, ती दर आठवड्याला थोडी थोडी घासत, दुभंगलेले भाग जवळ आणता येतात आणि नाकालाही आकार देता येतो. तत्त्व साच्यांचेच आहे, सामग्री तेवढी साधी. या पट्टीसाठी सध्या बाळाच्या तोंडात लगदा घालून ठसा घ्यावा लागतो. बाळ तेव्हा जागे आणि रडते असावे लागते. लगद्याचा तुकडा श्वासमार्गात जाण्याचा धोका असल्याने आम्ही तो ठसा भूलतज्ज्ञ आणि ऑक्सिजन जवळ ठेवून घेतो. ती दोनतीन मिनिटे बाहेर उभ्या असलेल्या आईला किती दीर्घ वाटत असतील ते सांगायला नको. स्कॅनरने हा लगदा टाळता येतो.

म्हणून माझी विनंती अशी की स्कॅनर अवश्य स्वीकारावा. परंतु त्याच्या स्वीकृतिपत्रात प्रथम अशी बाळे, नंतर तुटलेले दात आणि कवळ्या, आणि त्यानंतर अलाइनर, असा क्रम लिहून ठेवावा. अलाइनरचा खर्च प्रकृतीनुसार काही दहा हजारांपासून लाखांच्या घरात जातो. तो आपण निर्धन रुग्णांसाठीच्या निधीतून कदापि करू नये. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क क आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार, दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून, देयकांच्या दोन टक्के रक्कम ज्या निधीत जमा करणे आपल्याला बंधनकारक आहे, तो निधी ज्याच्या जिवावर बेतले आहे त्याचा आहे. ज्या प्रौढांना ऐपत आहे आणि तार दिसू नये असे वाटते, त्यांच्याकडून पूर्ण शुल्क घ्यावे. त्यात मला काही गैर वाटत नाही. पस्तिशीतल्या शिक्षिकेने वर्गापुढे मोकळेपणाने हसावेसे वाटणे ही थट्टेची गोष्ट नव्हे. त्यातून जे शिल्लक राहील ते मुलांच्या तारेच्या उपचारांसाठी आणि स्पेस मेंटेनरसाठी स्वतंत्र खात्यात ठेवावे आणि पुढील वर्षीच्या अहवालात त्याचा हिशेब छापावा. ज्यांना आपल्याकडील सवलतीचे शुल्कही परवडत नाही त्यांना लोणीचे रुरल डेंटल कॉलेज किंवा संगमनेरचे एसएमबीटी दंतमहाविद्यालय येथे पाठविण्यास मला संकोच वाटत नाही. दंतमहाविद्यालयांत पदव्युत्तर विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ अधिक लागतो, खर्च कमी होतो.

ज्यांच्या घरी उपचार चालू आहेत वा संपत आले आहेत त्यांच्यासाठी थोडे. तार काढली किंवा शेवटचा साचा झाला की काम संपले असे नाही. वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी उपचारित रुग्णांना स्थिरकाची पट्टी बंद केल्यानंतर वीस वर्षांनी पुन्हा तपासले. खालच्या पुढच्या दातांची रचना समाधानकारक राहिलेले रुग्ण अवघे दहा टक्के निघाले. त्यांचा निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो अजूनही कोणाला सुखावह वाटत नाही. म्हणून रात्रीची पट्टी, म्हणजे रिटेनर, वर्षानुवर्षे घालावा लागतो. तो गार पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावा, उकळत्या पाण्यात टाकू नये, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. डबीतच ठेवावा. तो घट्ट वाटू लागला तर दात सरकू लागले आहेत असे समजून महिना न दवडता यावे.

येताना मुलाचे जुने एक्स-रे असतील ते आणावेत. सवलत हवी असल्यास शिधापत्रिका आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत असावा. नसल्यास समाजसेवा अधीक्षकांच्या कक्षात चौकशी करावी, तपासणी त्यासाठी अडवून ठेवली जाणार नाही. आणि घरात सहा-सात वर्षांचे मूल असेल तर दात वाकडे दिसण्याची वाट न पाहता त्यालाही बरोबर आणावे. आता आपले काही प्रश्न असतील तर ते विचारावेत, ही विनंती.